महदिया बंदर पडलं तेव्हा बेन यिजूच्या घरचं काय झालं

11 सप्टेंबर 1149. एडनमध्ये (आजच्या येमेनमधलं बंदर) बसून एक व्यापारी भावांना आणि बहिणीला पत्र लिहितोय. भारतातून सुखरूप परत आलोय, माल शाबूत आहे, मुलं बरोबर आहेत, आणि देवाने दिलंय ते आपल्या सगळ्यांना पुरेल एवढं आहे, असं त्यात आहे. आणि मग तो खऱ्या विषयावर येतो. त्रिपोली, जेर्बा, केरकेन्ना, स्फाक्स, महदिया, सूस, किनाऱ्यावरच्या एकेका गावाचं नाव घेऊन म्हणतो की तिकडे काय झालं ते ऐकलं, पण कोण मेलं कोण वाचलं हे सांगणारं एकही पत्र मला मिळालेलं नाही. पत्रावर पत्ता काय, तर महदिया, नाहीतर इफ्रिकियात जिथे कुठे असतील तिथे. (इफ्रिकिया म्हणजे साधारण आजचं ट्युनिशिया आणि आजूबाजूचा थोडा भाग.)

या माणसाचं नाव अब्राहम बेन यिजू, महदियाचा ज्यू व्यापारी. मध्ययुगातली बंदरं म्हटलं की आपल्याकडे लगेच राजे, आरमार, जकात असं सगळं सुरू होतं, ते ठीकच आहे, पण बंदर पडल्यावर त्या बंदराच्या जिवावर उभ्या असलेल्या एका घराचं नेमकं काय होतं हे बघायला मिळणं फार दुर्मिळ. इथे मिळतं, कारण कागद उरलेत. कसे उरले ते पुढे सांगतो.

आधी गाव कसं होतं ते

महदिया वसवलं फातिमी खलिफा उबैदुल्ला अल-महदीने, काम सुरू झालं 916 च्या सुमारास आणि 921 मध्ये तो तिथे राहायला गेला. जागा बघितली तर माणसाला डोकं होतं हे कळतं. समुद्रात घुसलेली जमिनीची चिंचोळी जीभ, तिन्ही बाजूंनी पाणी, जमिनीकडून यायला एकच वाट आणि त्या वाटेवर जाडजूड दरवाजा, जो स्कीफा अल-कहला म्हणून आजही उभा आहे. बंदर तर खडक कोरून केलेलं. अल-बक्री नावाचा 11व्या शतकातला भूगोलकार लिहितो की आत 30 जहाजं मावायची आणि तोंडाशी दोन बुरूज, मधे साखळी. आपल्या जंजिऱ्याची आठवण येईल, पण जंजिरा बेट आहे आणि हे जमिनीला चिकटलेलं आहे, आणि हा फरक पुढे महत्त्वाचा ठरतो.

फातिमींनी 969 मध्ये इजिप्त घेतलं, कैरो वसवलं आणि काही वर्षांत राजधानीच तिकडे हलवली. इफ्रिकिया राहिलं झिरी घराण्याच्या हातात, आधी त्यांचे सुभेदार आणि मग स्वतंत्र. तेव्हा आतल्या भागातलं कैरवान हे मोठं शहर आणि महदिया त्याचं बंदर अशी जोडी होती. इजिप्तमधून जवसाचे तंतू यायचे (कापडासाठी, प्रचंड प्रमाणात), शिवाय पूर्वेकडची मिरी, नीळ, लाख, आणि इकडून जायचं ऑलिव्हचं तेल, साबण, मेण, कातडी, पोवळी. महदिया ते अलेक्झांड्रिया जहाजं वसंत ते शरद एवढ्यातच फिरायची, हिवाळ्यात समुद्र बंद. म्हणजे एका चुकीच्या निर्णयाची किंमत पुढच्या मोसमापर्यंत मोजायची.

धंदा चालायचा कसा हे मला सगळ्यात भारी वाटतं. करार-बिरार असायचे, हुंडीसारखी सुफ्तजा नावाची चिठ्ठीही असायची, पण रोजचं काम चालायचं ते सुहबा म्हणजे दोस्तीवर. तू माझा माल तुझ्या गावात विक, मी तुझा माझ्या गावात विकतो, कमिशन कुणी घ्यायचं नाही, हिशेब मात्र चोख पाठवायचा. पत्रात शिव्याही असतात, हिशेब वेळेत आला नाही म्हणून रुसवेही असतात. सगळी भानगड शब्दावर, आणि शब्द मोडला तर चार बंदरांत बातमी.

पडझड एका दिवसात झाली नाही

1057 मध्ये बनू हिलाल या भटक्या अरब टोळ्यांच्या रेट्यापुढे झिरी राजाने कैरवान सोडलं आणि तो महदियात येऊन बसला. आता बघा, तट भक्कम, बंदर भक्कम, पण मागची शेती गेली. धान्य देणारा मुलूखच हाताबाहेर. मग धान्य आणायचं कुठून, तर समोरच्या सिसिलीतून, समुद्रमार्गे. आणि नेमकी तीच सिसिली नॉर्मन सरदार त्याच शतकात जिंकून बसले. म्हणजे पोटाची किल्ली शत्रूच्या खिशात.

त्यात 1087 ला पिसा आणि जेनोआच्या जहाजांनी हल्ला करून शहर लुटलं, खंडणी घेतली आणि परत गेले. पिसात सान सिस्तो नावाचं चर्च आहे ते याच लुटीतून बांधलेलं. हे इटालियन लोक तेव्हा नुकते मोठे होत होते, पण त्या एका मोहिमेतून कळलं की तिन्ही बाजूंनी पाणी हे संरक्षण तेव्हाच असतं जेव्हा पाणी तुमचं असतं.

पुढचा भाग कुणी सिनेमात दाखवला तर लोक म्हणतील काहीतरीच. अँटिओकचा जॉर्ज नावाचा एक ग्रीक ख्रिश्चन माणूस महदियाच्या दरबारात, तमीम राजाच्या काळात, पैशाचा कारभार बघायचा. 1108 मध्ये तमीम वारला, नव्या राजाशी जॉर्जचं जमेना, तो सिसिलीला पळाला आणि चढत चढत सिसिलीचा नॉर्मन सत्ताधीश रॉजर दुसरा याचा मुख्य आरमारप्रमुख झाला. म्हणजे महदियाची तिजोरी किती, धान्य किती दिवसांचं, कोण कुणावर नाराज, हे सगळं ज्याला आतून माहीत तोच आता बाहेरून बघतोय. नोकरी सोडून गेलेला माणूस आपल्यासोबत काय काय घेऊन जातो याचा विचार करायला हरकत नाही.

रॉजरने 1123 ला एकदा प्रयत्न केला तो फसला. मग 1140 च्या दशकात दुष्काळ लागला, एकापाठोपाठ एक वर्षं. झिरी राजा हसन बिन अली सिसिलीकडून घेतलेलं कर्ज फेडू शकेना, त्याची जहाजं जप्त झाली, आणि नावाला राजा असला तरी तो रॉजरच्या मेहरबानीवर होता. 1146 ला त्रिपोली गेलं. लोक उपासमारीने किनारा सोडून सिसिलीला जायला लागले, म्हणजे ज्याच्याशी लढाई त्याच्याच राज्यात, कारण भाकरी तिथे होती.

जून 1148 मध्ये जॉर्ज आला. इब्न अल-अथीर हा अरब इतिहासकार 250 जहाजं म्हणतो, आणि एक किस्सा सांगतो तो सोडवत नाही: वाटेत पँटेलेरिया बेटापाशी जॉर्जला महदियाचं एक जहाज सापडलं आणि त्यावर निरोपाची कबुतरं होती. त्याने त्या खलाशांकडूनच चिठ्ठी लिहून घेतली की सिसिलीचं आरमार बायझंटाइन मुलखाकडे गेलंय, आणि कबुतर सोडलं. महदियात आनंदीआनंद. रात्रीत गाव गाठायचा त्याचा बेत होता पण वारा उलटा लागला आणि उजाडताना जहाजं लोकांना दिसली. मग जॉर्जने निरोप पाठवला की आम्ही तुमच्यावर आलेलो नाही, गाबेस गावच्या हाकललेल्या सरदाराला परत बसवायला आलोय, तुम्ही आम्हाला फौज द्या. हसन काही दूधखुळा नव्हता, त्याला कळलं की आत एका महिन्याचंही धान्य नाही आणि लढणारी माणसं बाहेर गेलेली. तो हलकं-फुलकं जेवढं उचलता येईल तेवढं घेऊन घरच्यांसकट निघून गेला, मागोमाग बरेच लोक. 22 जूनला महदिया पडलं, जवळजवळ न लढता. तासा-दोन तासांची लूट झाली आणि मग जॉर्जने अभय दिलं, पळालेल्यांना परत बोलावलं, त्यांच्यासाठी धान्यही दिलं. याला चालू बंदर हवं होतं, राख नको होती.

आणि या वेळी अब्राहम होता मंगळूरला

हो, आपल्या मंगळूरला. तिथला पक्का कागद 17 ऑक्टोबर 1132 चा: आशू नावाच्या दासीला मुक्त केल्याचा दस्तऐवज. अभ्यासकांचं मत की त्याने तिच्याशी लग्न केलं आणि मुलं तिचीच. साधारण 17 वर्षं तो आपल्या पश्चिम किनाऱ्यावर होता, बराचसा मंगळूरला, काही काळ खाली मलबारात. मिरी, वेलची, सुपारी, लोखंड एडनला पाठवायचा. शिवाय पितळ-काशाच्या भांड्यांचा कारखाना चालवायचा: एडनहून तांबं आणि जुनी मोडकी भांडी यायची, इथले कारागीर नवी घडवायचे आणि ती परत जायची. बदल्यात एडनचे दोस्त त्याला साखर, मनुका, बदाम, साबण, चटया आणि कागद पाठवायचे. कागद का, तर आपल्याकडे तो मिळत नव्हता.

एडनमध्ये त्याचे तीन खांब: मदमुन बिन हसन (तिथल्या व्यापाऱ्यांचा वकील, आपला वकील शब्द तिकडचाच, पण कोर्टातला नव्हे तर परगावच्या व्यापाऱ्यांचा माल सांभाळणारा), खलफ बिन इसहाक आणि युसुफ बिन अब्राहम. मदमुन एका पत्रात त्याला सांगतो की सूस सिती, कनबती आणि इसहाक बनिया यांना माझा नमस्कार सांग आणि बोल की मंगळूरहून एक जहाज पाठवा, त्यात मिरी, लोखंड, कबाबचिनी, सुंठ भरा, मी भागीदारी करतो. सिती म्हणजे शेट्टी असं मानतात. आणि बनिया तर बनियाच. ज्यू, मुसलमान, गुजराती, तुळू, सगळे एका जहाजात पैसे घालतायत, आणि हे 1130 च्या दशकात.

जाता जाता आपल्या ठाण्याचाही उल्लेख. याच वर्तुळातला महरूझ नावाचा जहाजवाला मंगळूरहून अबू झिक्री नावाच्या आपल्या नातलगाला भडोचला लिहितो. अबू झिक्रीचं घराणं मूळ मोरोक्कोतल्या सिजिलमासाचं, आणि या बिचाऱ्याला चाच्यांनी लुटलेलं. महरूझ म्हणतो सोनं लागलं तर माझ्या नावावर नाखुदा तिंबूकडून घे, तो ठाण्यात असतो, त्याची माझी दोस्ती भावासारखी. सहारा वाळवंटाच्या काठच्या गावचा माणूस भडोचला अडकलाय आणि त्याची पत ठाण्यात चालते! आपल्या कोळीवाड्यातला नाखवा हा शब्द याच नाखुदाचा, हे तर माहीत असेलच.

मुद्द्याचं

आता या प्रकरणात एक विरोधाभास आहे आणि मला तोच सगळ्यात जास्त खटकतो. त्या काळचा व्यापारी कुणावर विश्वास ठेवायचा असं विचारलं तर कुणीही म्हणेल घरच्यांवर, रक्ताच्या माणसांवर. कागद वेगळंच सांगतात.

परक्यांकडून सुरुवात करू. बम्मा नावाचा त्याचा एक तुळू दास होता, हा त्याचा माल आणि पैसे घेऊन एडनला जायचा. सुरुवातीला या पठ्ठ्याने एडनला जाऊन दारू पिऊन इतका धुमाकूळ घातला की मदमुनने तक्रार लिहिली, रोज पैसे दे पैसे दे करून डोकं खातो म्हणून. तरी बेन यिजूने त्याला काढला नाही. पुढे वर्षानुवर्षं हजारो मैल माल नेणारा तोच, आणि नंतरच्या पत्रांत एडनचे मोठे व्यापारी त्याला शेख बम्मा म्हणून सलाम लिहितात. उलटे अनुभवही आहेत. एका स्थानिक कारदाराने (माल जमवून देणाऱ्या दलालाने) वेलचीसाठी आगाऊ पैसे घेतले आणि माल दिलाच नाही, ते प्रकरण पत्रांतून किती काळ चालू होतं. पट्टणस्वामी नावाच्या जहाजमालकाचं एक जहाज बाब अल-मंदबच्या सामुद्रधुनीपाशी बुडालं, मिरी गेली, पण एडनचे पाणबुडे लावून लोखंड साधारण निम्मं वर काढलं आणि मजुरी वजा करून हिशेब लिहून पाठवला. मालाचा मालक समुद्रापलीकडे, त्याला काय कळणार होतं? तरी पाठवला. बंदराची खरी मालमत्ता म्हणाल तर ती ही सवय. ती महदियात तयार झाली होती, आणि महदिया पडल्यावरही एडनमध्ये चालूच राहिली.

आता घरचे. 1149 च्या त्या पत्रात तो म्हणतोय या, आपण मिळून राहू, माझ्याकडे आहे ते तुमचंच, आणि मुलगी तुमच्यापैकी कुणाच्या तरी मुलाला देईन. यातून पुढे मुबश्शिर नावाचा भाऊ त्याला भेटला खरा. आणि त्याने काय केलं? पैसे घेतले आणि बुडवले. नंतर दुसऱ्या भावाला, युसुफला, लिहिताना अब्राहम 1000 दिनारांचा आकडा सांगतो. 17 वर्षं दारुड्या बम्माने जे केलं नाही ते सख्ख्या भावाने एका फेरीत केलं.

काही लोक म्हणतील चूक अब्राहमचीच, इतकी वर्षं दूर राहिलेल्या माणसाने एकदम पाकीट उघडून दाखवायला नको होतं. बरोबर आहे, पण त्याच्या जागी बसून बघा. त्याच्यापुढे पर्याय काय होते? गाव शत्रूच्या ताब्यात, तिथे परत जाण्यात अर्थ नाही. भारतात राहायचं तर मुलांची लग्नं, समाज, धर्म सगळं दूर. एडनमध्ये बसून वाट बघायची तर माणसं नक्की कुठे आहेत तेच माहीत नाही. दुष्काळ आणि आक्रमणाच्या बातम्यांत माणूस हिशेब नीट करत नाही, जो सापडेल त्याला मिठी मारतो. माझ्या मते त्याची चूक वेगळी होती: व्यापारात तो माणूस छोट्या व्यवहारांनी पारखून घ्यायचा (बम्माचंच बघा), घरच्यांसाठी मात्र ती पारख त्याने बाजूला ठेवली.

त्यातच मुलगा सुरूर येमेनमध्येच गेला. उरली एक मुलगी, सित अल-दार. ती तीन वर्षं एडनच्या खलफ बिन बुंदार नावाच्या प्रतिष्ठित माणसाच्या घरी राहत होती आणि त्या घराने आपल्या मुलासाठी तिला मागणी घातली. चांगलं स्थळ, माहितीतली माणसं, पैसा. अब्राहमने नाही म्हटलं. भावाच्या मुलाचा हक्क आधी, एवढंच. भाऊ म्हणजे युसुफ, जो तोवर बायको-मुलांसकट सिसिलीत माझारा गावी जाऊन पडला होता, हलाखीत, म्हणजे रॉजरच्याच राज्यात. मुबश्शिरने एवढा दणका दिल्यावरही रक्ताच्या नात्यावरचा याचा विश्वास उडाला नाही, हा भाग मला आधी वेडेपणा वाटायचा. आता तसं वाटत नाही. माल परक्यांच्या हाती सुरक्षित होता, ते सिद्ध झालेलं होतं. पण महदियाचं घर परक्यांच्या हातून परत उभं राहणार नव्हतं, आणि मुलीचं लग्न हाच ते बांधायचा एकमेव दगड त्याच्याकडे उरला होता.

युसुफचा थोरला मुलगा, पेराह्या (त्यालाही सुरूर म्हणायचे), शिकलेला. 1154 मध्ये तो माझाराहून मेसिनाला आला, इजिप्तला जायच्या खटपटीत. धाकटा भाऊ मोशे पुढे त्याच वाटेने निघाला तर त्याला चाच्यांनी पकडून टायर बंदरात (आजच्या लेबनॉनमध्ये) नेलं, तिथून सुटून तो कसाबसा पोचला. शेवटी 1156 मध्ये फुस्तातला, म्हणजे जुन्या कैरोत, पेराह्या आणि सित अल-दार यांचं लग्न लागलं. नवरी मंगळूरच्या आशूची मुलगी, नवरा महदियाचा, सिसिलीतून आलेला, आणि मांडव नाईलकाठी. आंदणाची यादी सुद्धा उरली आहे, दागिन्यांपासून कपड्यांपर्यंत, आणि तिच्यावरून दिसतं की 1000 दिनार बुडाल्यावरही अब्राहम कफल्लक झालेला नव्हता.

त्याच 1156 मध्ये तिकडे स्फाक्सने नॉर्मनांविरुद्ध बंड केलं, मग एकेक गाव सुटत गेलं, आणि मोरोक्कोहून आलेल्या अल्मोहाद खलिफा अब्द अल-मुमिनने महदियाला वेढा घालून जानेवारी 1160 मध्ये ते घेतलं. त्याच्या बरोबर कोण होतं माहितीये? तोच पळून गेलेला हसन. बंदर परत मुसलमान सत्तेत आलं, व्यापारही चालू झाला, पण आता इटालियन जहाजं आणि इटालियन करार यांच्या जोरावर. पश्चिमेला बिजाया बंदरात (आजच्या अल्जेरियात) पिसाच्या व्यापाऱ्यांची वसाहत होती आणि तिथेच लिओनार्दो फिबोनाची नावाच्या मुलाने हिंदूंचे नऊ अंक शिकून 1202 मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला, पण ते वेगळं प्रकरण होईल.

बेन यिजूचं कुटुंब मात्र महदियाला परतलं नाही. पेराह्या पुढे इजिप्तमधल्या अल-महल्ला गावात न्यायाधीश झाला. अब्राहमचं नाव लग्नानंतर कागदांत सापडत नाही.

आणि कागद. फुस्तातच्या बेन एझ्रा सिनेगॉगमध्ये एक बंद खोली होती, गेनिझा म्हणतात. देवाचं नाव असू शकेल असा लिहिलेला कागद फेकायचा नाही म्हणून सगळं तिथे टाकायचे, हिशेब, भांडणं, प्रेमपत्रं, काहीही. 1896-97 मध्ये सॉलोमन शेख्टर यांनी त्यातला मोठा ढीग केंब्रिजला नेला. बेन यिजूची पत्रं त्यातलीच, भाषा अरबी आणि अक्षरं हिब्रू. मंगळूरला कागद मिळत नसल्यामुळे तो एडनहून आलेल्या पत्रांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर आपले हिशेब आणि याद्या लिहायचा, आणि जाताना ती सगळी चळत बरोबर घेऊन गेला. पुढच्या बाजूला मदमुनचे लोखंडाचे भाव, मागच्या बाजूला घरचा खर्च.